सेडानच्या काचा बदलल्या तर वाऱ्याचा आवाज खरंच कमी होतो का?

दिंडोरीचा_बागवान:
मंडळी, गाडी जर्मन सेडान, २०१८ची, सेकंडहँड घेतलेली. नाशकात फिरवताना काही तक्रार नाही. पण सिन्नरकडून समृद्धीवर चढलो आणि काटा शंभरापुढे गेला की आरशामागच्या तिकोनी कोपऱ्यातून जी सरसर सुरू होते, ती संभाजीनगर येईपर्यंत थांबत नाही. मी एकटा असतो तर गाण्यांचा आवाज वाढवून मोकळा झालो असतो. पण मागे अण्णा असतात. त्यांच्या कानात मशीन आहे आणि ते नेमकी हीच सरसर उचलतं. वावीच्या पुढे गेलो की ते मशीन काढून खिशात टाकतात, मग उरलेल्या रस्त्यात सगळं बोलणं ओरडून.

एका दुकानदाराने सांगितलं, चारही दारांना लॅमिनेटेड अकॉस्टिक काचा टाका, गाडी मुकी होईल. आकडा लाखाच्या वर गेला. सध्याच्या दारांच्या काचांवर कोपऱ्यात ‘टेम्पर्ड’ छापलंय, म्हणजे तापवून कडक केलेली एकेरी काच. कोणी हे करून घेतलंय का? फरक पडतो, की पैसे घातले म्हणून पडल्यासारखा वाटतो?

घोटीकर:
काच राहू द्या, आधी टायर बघा. समृद्धी सिमेंटची आहे, तिथे चांगल्या चांगल्या गाड्या घुमतात.

अंबडचा_काचवाला:
घोटीकर, टायरचा घोंगाट वेगळा आणि ही सरसर वेगळी. टायरचा आवाज खालच्या पट्टीतला, तो पायाखालून आणि चाकाच्या कमानीतून येतो. काच कितीही भारी टाका, त्याला फारसा फरक नाही. दादा सांगताहेत ते वरच्या पट्टीतलं आणि कानाच्या उंचीवरचं आहे.

पण दादा, पैसे काढायच्या आधी टेप लावा. रंगकामवाल्याकडे मिळते ती कागदी मास्किंग टेप. पॅकिंगची ब्राऊन टेप नको, उन्हात तिचा गोंद रंगावर बसतो. आरशाचा बुडखा, तिकोन, दाराच्या वरच्या कडेची फट, काचेच्या बाहेरचं रबर, सगळं बंद करायचं. तुम्ही आत बसल्यावर दुसऱ्याने बाहेरून लावायची, आणि दार ढकललं की सुटेल इतपतच. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, वारा पडलेला असताना सकाळी चक्कर मारा. आवाज गेला तर दोष रबराचा किंवा दाराच्या बसणीचा. काच बदलून फुकट पैसे जातील. टेप असूनही सरसर तशीच राहिली, तर ती काचेतून येतेय.

काचेतून का येते, तर साधी ४ मिलिमीटरची टेम्पर्ड काच ३००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच थरथरायला लागते आणि त्या पट्टीतला आवाज जवळजवळ दार उघडून आत सोडते. माणसाच्या बोलण्यातले स, श, च तिथेच असतात, म्हणून अण्णांना त्रास. लॅमिनेटेडमध्ये दोन पातळ काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पापुद्रा असतो, बहुतेक वेळा ०.७६ मिलिमीटरचा. अकॉस्टिक प्रकारात त्या पापुद्र्याचा मधला थर आणखी मऊ असतो. थरथर त्यातच जिरते.

आणि चार काचा कशाला? वारा समोरच्या काचेशेजारच्या खांबावरून आणि आरशावरून फुटून पुढच्या दारांच्या काचांवर आदळतो. तिथून आत आलेला आवाज सगळ्या गाडीत फिरतो, मागच्या सीटपर्यंत. पुढच्या दोन केल्यात तरी मुख्य काम झालं. ‘चारही टाका’ म्हणणाऱ्याला आपल्या गल्ल्याची काळजी जास्त.

गंगापूररोडवाली:
आमच्या गाडीला पुढे कंपनीचीच अकॉस्टिक काच आहे, आधीच्या गाडीला नव्हती. फरक आहेच, फोनवर बोलताना समजतो. पण एक सांगून ठेवते: सरसर कमी झाली की तोवर तिच्याखाली दडलेलं सगळं ऐकू येतं. आम्हाला सनरूफची कुरकुर आणि घोटीकर म्हणतात तो सिमेंटचा घोंगाट नव्याने भेटला. ह्यांनी महिनाभर त्या सनरूफचाच पिच्छा पुरवला.

दुसरं, लॅमिनेटेड काच हातोडीने फुटत नाही. तडे जातात, पण पापुद्रा धरून ठेवतो. अडकलो तर काच फोडून बाहेर पडू म्हणून गाडीत लाल हातोडी ठेवून निश्चिंत बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्यामुळे मागच्या दोन टेम्पर्डच राहू द्या, असं माझंही मत. आणि वेगाचंही बघा. वाऱ्याचा आवाज साधारण वेगाच्या सहाव्या घाताने चढतो. शंभरचे एकशेवीस केले की जवळजवळ पाच डेसिबल वाढले. समृद्धीवर १२०ची परवानगी आहे, सक्ती नाही.

दिंडोरीचा_बागवान:
ताई, काका, आभार. टेप लावून गाडी काढली तर टोलवरचा पोरगा विचारतो, “दादा, रंग चालूय का?” निकाल असा: डाव्या दाराला टेपने काही फरक नाही. उजव्या दाराला बराच पडला. कागदाची पट्टी दारात धरून ओढली तर वरच्या मागच्या कोपऱ्यात ती लोण्यातून निघावी तशी निघाली. आधीच्या मालकाने त्या दाराचं डेंटिंग केलेलं असावं, रबर तिथे नीट बसलेलंच नव्हतं. ते बसवून घेतलं, दाराचा खटकाही थोडा आत घेतला. शिट्टीसारखा भाग गेला. सरसर मात्र दोन्ही बाजूंनी आहे. म्हणजे आता काच?

अंबडचा_काचवाला:
हो, आता काच, पुढच्या दोन. चॅसिस नंबर देऊनच मागवा. त्याच मॉडेलला साधी आणि अकॉस्टिक अशा दोन्ही काचा येतात आणि जाडी वेगळी असू शकते. जाड काच जुन्या रन चॅनेलमध्ये, म्हणजे काच सरकते त्या रबरी खाचेत, कोंबली की काच वर-खाली करणारं मशीन रडतं. जुन्या बाजारातली घेणार असाल तर काचेची कड उजेडात धरा. कडेने दुधाळ पांढरट पट्टा दिसला तर पापुद्रा सुटतोय, परत द्या. आयएस २५५३चा, म्हणजे सेफ्टी काचेच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा. काळसर छटेची काच कोणी गळ्यात मारत असेल तर नियमाप्रमाणे बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आत यायला हवा.

फिटिंगवाल्यापाशी उभे राहा. दाराचा पॅड काढल्यावर आत पत्र्यावर एक पातळ पडदा चिकटवलेला असतो. घाईत तो फाडून तसाच लोंबता ठेवतात. मग पावसाळ्यात पायाशी पाणी आणि वर पुन्हा आवाज. तो नव्या ब्युटाइल (चिकट रबरी) पट्टीने चारही बाजूंनी चिकटवायला लावा. शेवटी काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरायचं, म्हणजे ती आपली जागा पुन्हा शिकते. नाहीतर वर जाऊन अर्ध्यातून परत खाली येते, आणि लोक म्हणतात काच चुकीची आली.