मदत हवी आहे: पोराला ताप आणि अंगावर पुरळ, गुरुवारी गॅदरिंग

रंकाळा_फेरी (रविवार, रात्री ९.४०)
मुलाला कालपासून ताप आहे, १०१ पर्यंत जातोय. आज सकाळी अंगावर पुरळ उठलं. गोवर की कांजिण्या, कसं ओळखायचं? आमचे डॉक्टर रविवारी बसत नाहीत. उद्या सकाळी दाखवणारच आहे, त्यामुळं 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच लिहायला कुणी येऊ नका. गुरुवारी शाळेचं गॅदरिंग आहे, पठ्ठ्या मावळा झालाय, ड्रेस भाड्यानं आणून ठेवलाय. तोवर बरं होईल का? सिरप चालू आहे. लसी सगळ्या झाल्यात.

तिखटमीठ
वय? वजन? पुरळ म्हणजे नुसते लाल डाग की पाणी भरलेले फोड? आधी उठलं कुठं, तोंडावर की पोटावर? 'सिरप' म्हणजे कुठलं? घामोळ्यालाही पुरळच म्हणतात हो.

बावडेकर_७
भावा, देवी आल्यात पोराला. उशाला कडुलिंबाचा पाला ठेव, घरात फोडणी बंद, मटण बंद, सात दिवस अंघोळ नाही. आमच्या तिन्ही पोरांना झालत्या, एक गोळी दिली न्हाई. पाचव्या दिवशी अंगणात खेळत होती.

उगाचउवाच
फोडणी बंद केल्याचं विषाणूला कोण जाऊन सांगतं?

बावडेकर_७
तुमच्या घरी झाल्यावर या, मग बोलू.

जुनी_सिस्टर
मी मुलांच्या वॉर्डात १४ वर्षं काढलीत, म्हणून लिहिते. गोवरात आधी तीन-चार दिवस चढता ताप, खोकला, नाक गळणं, डोळे लाल. मग कानामागून आणि कपाळावरून पुरळ सुरू होऊन खाली उतरतं, आणि त्यात पाणी नसतं. कांजिण्या बहुतेक पोटा-पाठीवर आधी दिसतात. ठिपका, मग पाण्याचा फोड, मग खपली, आणि एकाच वेळी अंगावर तिन्ही प्रकार सापडतात. केसांत हात घालून बघा, तिथंही फोड असेल तर माझं मत कांजिण्यांकडे जाईल.

मीच_तो_मी
तळहात-तळपाय बघितले का? तोंडात फोड? २०२२ मध्ये केरळातनं टोमॅटो फ्लूची बातमी आली होती, ते हात-पाय-तोंडाचंच दुखणं. माझी पैज त्याच्यावर.

रंकाळा_फेरी
साडेपाच वर्षं, १८ किलो. पोटावर, पाठीवर. सकाळी डास चावल्यासारखं होतं, आता चार-पाच ठिकाणी पाणी दिसतंय. केसांत एक आहे. तळहात साफ आहेत. सर्दी-खोकला नाही. सिरप मागच्या तापातलं उरलेलं होतं, बाटलीवर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही लिहिलंय. गॅदरिंगचं कुणीच सांगितलं नाही.

जुनी_सिस्टर
ते सिरप आत्ता बंद करा. कांजिण्यांत आयबुप्रोफेन टाळतात, फोडांत जंतुसंसर्ग होऊन चिघळल्याची उदाहरणं आहेत. मेडिकलमधून नुसतं पॅरासिटामॉल आणा. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर तुमच्या पोराला एका वेळी २७० येतं. ५ मिलीत २५० वाली बाटली असेल तर ५ मिली द्या. दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. नखं आज रात्रीच कापा. अंघोळ कोमट पाण्यानं घाला, घासू नका, टिपून घ्या. पाला उशाला ठेवायला माझी हरकत नाही, फोडांवर चोळू मात्र नका.

आजोबा_शाहूपुरी
आमच्या वेळी डिस्प्रिन पाण्यात विरघळवून देत. घाम येऊन ताप उतरायचा.

जुनी_सिस्टर
आजोबा, मुलांना ॲस्पिरिन अजिबात नको, कांजिण्यांत तर नाहीच. यकृत आणि मेंदूला सूज येऊन मुलं दगावलीत.

तिखटमीठ
"लसी सगळ्या झाल्यात" म्हणजे सरकारी कार्डावरच्या ना? त्यात गोवर-रुबेलाची लस आहे, ९ महिन्यांनंतर एक आणि दीड वर्षाच्या आसपास दुसरी. कांजिण्यांची नाही. ती खासगीत पैसे देऊन घ्यावी लागते. कार्ड काढून बघा.

रंकाळा_फेरी
बघितलं. नाही ती. गॅदरिंग?

उगाचउवाच
अहो, मावळा आजारी आहे, गड उतरू द्या त्याला. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत हे पसरतं. गुरुवारी पाठवलात तर परीक्षेच्या तोंडावर अख्खा वर्ग घरी.

कट्टाकरीण
पांढरा रस्सा द्या, ताकद येते.

बावडेकर_७
वर मटण बंद लिवलंय ते वाचलं न्हाई का?

कट्टाकरीण
वाचलं. कांजिण्यांत मटण चालत नाही असं कुठल्याच डॉक्टरनं मला सांगितलेलं नाही.

मीच_तो_मी
तोंडात फोड असतील तर पांढरा रस्साही झोंबतो. मिरे असतात त्यात.

कट्टाकरीण
आमच्यात मिरे बेतानं घालतात. तुम्ही कुठल्या खानावळीत खाता?

सून_फुलेवाडीची
थोडं विषयांतर. सासऱ्यांना कंबरेला नागीण झालीय. दोन्ही टोकं मिळाली की माणूस जातो म्हणतात, खरं का? घरात सगळे घाबरलेत.

जुनी_सिस्टर
खोटं. नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला राहते. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दडून बसतो आणि म्हातारपणी एका पट्ट्यात उठतो. तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर उत्तम, मंत्रवाल्याकडं दिवस घालवू नका. आणि ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्यानं त्या फोडांना हात लावला तर त्याला कांजिण्या होऊ शकतात.

रंकाळा_फेरी
एक मिनिट. आमच्या वडिलांना दोन-अडीच आठवड्यांमागं बरगडीवर नागीण झाली होती. पोरगं रोज त्यांच्या कुशीत झोपतं.

तिखटमीठ
हे आता सांगताय होय! दहा ते एकवीस दिवसांत उठतात, हिशेब जुळला की. घरात आणखी कोण कोण आहे, एकदाच सगळं लिहा.

रंकाळा_फेरी
आई, वडील, बायको, आणि ताई. ताई बाळंतपणाला आलीय.

जुनी_सिस्टर
हे पहिल्या ओळीत हवं होतं. कितवा महिना? तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?

रंकाळा_फेरी
नववा. दोघा भावंडांपैकी एकालाच झाल्या होत्या म्हणते आई. ताईला झाल्या असं तिचं म्हणणं, ताई म्हणते मला नाही, तुला. मला काही आठवत नाही.

बावडेकर_७
ताईला आत्ताच्या आत्ता सासरी धाडा.

जुनी_सिस्टर
नाही! तिला लागण झाली असेल तर तिकडच्यांना देऊन येईल. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आत्ता फोन लावा, उद्यावर टाकू नका. रक्तात प्रतिपिंडं आहेत का ती तपासणी करतील. असली तर विषय संपला. नसली तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं, दहा दिवसांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईच्या अंगावर फोड उठले तर ते बाळाला फार जड जातं. तोवर पोराची खोली वेगळी करा, पण दोन दिवस ती एकत्रच होती हे डॉक्टरांना सांगा.

कट्टाकरीण
गरोदर बाई घाबरेल, जरा बेतानं लिहा की.

जुनी_सिस्टर
फोन लावला की घाबरणं आपोआप कमी होतं.

रंकाळा_फेरी (बुधवार, दुपारी १.१५)
उशीर झाला, माफ करा. सोमवारी दाखवलं, कांजिण्याच. पॅरासिटामॉल, कॅलामाइन, खाजेचं सिरप. विषाणूवरचं औषध दिलं नाही, बारा वर्षांखालच्या एरवी धडधाकट पोराला बहुतेक लागत नाही म्हणाले. चौथ्या दिवसानंतरही ताप राहिला, फोडाभोवती लाल-गरम सूज आली, श्वास लागला, पोरगं सुस्त पडलं किंवा चालताना झोकांड्या देऊ लागलं तर लगेच आणा म्हणालेत. ताप काल उतरला, फोड मात्र अजून येताहेत. ताईचा रिपोर्ट सकाळी आला, प्रतिपिंडं आहेत, तिला काही करायचं नाही. आईनं सकाळपासून 'मी म्हणलं नव्हतं का' चारदा ऐकवलंय.

तिखटमीठ
सुटलात. पण थांबा. एकालाच झाल्या होत्या, आणि ताईला झाल्या. मग तुम्हाला?

रंकाळा_फेरी
अरेच्चा.

जुनी_सिस्टर
सध्या पोराजवळ कोण झोपतं?

रंकाळा_फेरी
मीच. ताईपासून लांब ठेवायला त्याची खोली वेगळी केली ना.

जुनी_सिस्टर
मोठ्यांना हे मुलांपेक्षा जड जातं, कधी फुप्फुसापर्यंत जातं. संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस घेतली तर उपयोग होतो. शुक्रवारपासून मोजलं तर तुमचा आज पाचवा दिवस. संध्याकाळची ओपीडी गाठा. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत अंगावर एक जरी फोड दिसला तरी त्याच दिवशी दाखवा, मोठ्यांना औषध २४ तासांत सुरू करतात.

रंकाळा_फेरी
निघतोय. ड्रेसवाल्याचं दुकान वाटेवरच आहे, परत देऊन टाकतो. शनिवारी पोरानं दिवसभर घातला होता.

उगाचउवाच
धुऊन द्या. आणि दुकानदाराला झाल्या होत्या का, तेवढं विचारा.