कमी भाड्याचं घर मिळतंय, पण आजच टोकन देऊ का?

प्रश्न:
मुलीची शाळा बदलायची नाही, म्हणून याच भागात दोन खोल्या शोधतेय. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट हवी, नाहीतर तळमजला. मोबाइलवर दिसणारी बहुतेक घरं आवाक्याबाहेरची. जे परवडेल त्यासाठी फोन करावा तर 'कालच गेलं'. आता तळमजल्यावरचं एक घर मिळतंय, आजूबाजूपेक्षा बरंच स्वस्त. नुकताच रंग दिलाय. एजंट म्हणतो, संध्याकाळपर्यंत टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे. मी काय काय बघून घेऊ?

प्रतिसाद:
ताई, घर नीट पाहिल्याशिवाय आणि मालकाशी स्वतः बोलल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. घाई एजंटला आहे, तुम्हाला नाही.

तळमजला आणि ताजा रंग म्हटलं की मी आधी ओल बघते. जमिनीतला ओलावा विटांमधून वर चढतो, रंगानं तो थांबत नाही, काही महिन्यांत पोपडे सुटतातच. सिंकखाली आणि कपाटामागे, फरशीपासून गुडघाभर उंचीपर्यंत भिंतीवर हात फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली तर भिंतीला लोणा लागलाय. खिडक्या लावून थोडा वेळ आत बसा, कुबट वास लगेच कळतो. आई दिवसभर घरात असणार, त्यांचा विचार आधी करा.

दुसरं म्हणजे मीटर. हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिज असला तर त्याचाही प्लग काढा आणि मीटरवरचा छोटा लाल दिवा पाच-दहा मिनिटं बघत राहा. तरीही लुकलुकत असेल तर वायरिंगमध्ये कुठेतरी गळती आहे, किंवा जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप असं काहीतरी तुमच्या मीटरवर जोडलेलं आहे. ते बिल दर महिन्याला तुम्हीच भरत बसाल.

प्रतिसाद:
वरचं सगळं पटलं. भाड्यात मेंटेनन्स, पाणी आणि ऑफिसला जायचा-यायचा खर्च मिळवून बघा, मग स्वस्त की महाग ते ठरवा. आणि संध्याकाळी गल्ल्यांमधून पायी फिरा. कितीतरी मालक फक्त गेटवर पाटी लावतात, एजंटकडे जातच नाहीत.

प्रश्नकर्ती:
खूप आभार. जाऊन आले. भिंती कोरड्या आहेत, पण मीटरचा दिवा थांबेना. मालकांना फोन केला, तर म्हणाले पंप याच मीटरवर आहे, पुढच्या महिन्यात वेगळा करून देतो. शब्दावर विश्वास ठेवू का?

प्रतिसाद:
नको. आधी पंप वेगळा करून घ्या, मग सही. तेवढं थांबणं शक्य नसेल तर तारीख करारात लिहून घ्या आणि तोवरचं पंपाचं बिल भाड्यातून वजा होईल, हेही त्यातच येऊ द्या. किल्ली घेताना मीटरच्या रीडिंगचा आणि प्रत्येक खोलीचा फोटो काढून मालकांना लगेच पाठवा. घर सोडताना डिपॉझिटवरून वाद झाला तर हेच फोटो कामी येतात.