लोणंदपासून वारीत पहिल्यांदाच चालणार आहे. पहिल्या दिवसाचं सांगा

विट्याचा दुकानदार: वय ४६, दिवसभर गल्ल्यावर बसून असतो. यंदा माऊलींच्या पालखीबरोबर लोणंद-तरडगाव-फलटण एवढंच चालायचंय. नवे बूट घेतलेत, पाठीवर सॅक. अजून काय लागेल?

कोरेगावची माऊली: नवे बूट घरीच ठेवा. मीही पहिल्या वर्षी नवे घालूनच गेले होते. कोरेगावहून रेल्वेनं लोणंदला उतरले तेव्हा झोकात होते, तरडगावच्या वाटेवरच्या चांदोबाच्या लिंबापर्यंत दोन्ही टाचांना फोड. वर पावसाची सर, मोजे ओले. शेवटी एका आजींनी फोडांना खोबरेल लावून दिलं आणि त्यांच्या जुन्या स्लिपरा दिल्या. वापरून मऊ झालेली चप्पलच घाला.

लोणंद-तरडगाव टप्पा लहान आहे म्हणून गाफील राहू नका. चालण्यानं पाय दुखत नाहीत हो, उभं राहून दुखतात. दहा पावलं चाललं की थांबा, अभंग संपला की पुन्हा चला. कंबर तिथंच धरते. घरी सराव करताना नुसतं भराभर चालू नका, टाळ्या वाजवत मुंगीच्या पावलांनी चालून बघा. (शेजारी हसतील, हसू द्या.)

सॅक दिंडीच्या ट्रकमध्ये टाका. जवळ शबनम, पाण्याची बाटली आणि मेणकापड बास. दिंडी क्रमांक आणि ट्रकचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण (रांगेत उभ्या वारकऱ्यांमधून अश्व धावतात ते) बघायच्या नादात मी दिंडी सोडली, अश्व डोळ्यांसमोरून गेले, पण मग तरडगावच्या तळावर अंधारात दोन तास आमचा ट्रक शोधत हिंडले. फोनला रेंज नव्हती. त्या गडबडीत चष्माही पडला. तळावरच्या समाजआरतीला चोपदारांनी हातातला दंड वर केला, एवढा जमाव चिडीचूप झाला आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या त्यात माझा चष्मा होता! एक काच तडकलेली, पण होता.

फलटणकर: ताईंशी सहमत, फक्त खोबरेलाच्या जागी मी एरंडेल लावतो. आणि पहाटे तीनला उठा. नंतर टँकरपाशी रांग बघून आंघोळीचा विचारच सोडाल.

विट्याचा दुकानदार: बूट मुलाला दिले. मुंगीच्या पावलांचा सराव दुकानातच सुरू केलाय. गिऱ्हाईकं विचारतात, शेठ, पाय लचकला का?