मागचे गिअर नीट पडत नाहीत, मदत हवी आहे

मंडळी, माझी २१ गिअरची एमटीबी (डोंगरी रस्त्यांसाठीची सायकल) आहे. सिंहगडाच्या चढावर चेन मोठ्या चकतीवर झटकन चढते, पण परत लहान चकत्यांवर यायला कां-कूं करते. थोडं पेडल मारलं की मग 'खाट्' करून एकदम दोन गिअर पडतात. बॅरल ॲडजस्टर (गिअर केबलचा ताण कमी-जास्त करणारी फिरकी) थोडा थोडा फिरवून पाहिला, बदलला तो फक्त आवाज. चेन टोकाच्या चकतीबाहेर जात नाही, म्हणून लिमिट स्क्रूला हात लावलेला नाही. पावसाळ्यात डिरेल्युअरजवळच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) वळणात केबल आतून गंजली असावी, असा माझा संशय. दुकानदार म्हणतो हँगर (डिरेल्युअर ज्यावर बसतो तो धातूचा तुकडा) वाकलाय, अख्खा डिरेल्युअरच बदला! (त्याला काय जातंय म्हणा.) मागून पाहिलं तर जॉकी व्हील (डिरेल्युअरची छोटी चाकं) चकत्यांच्या रेषेत दिसतात. आधी केबल आणि आउटर (तिचं बाहेरचं आवरण) बदलू का? आणि हँगर घरच्या घरी कसा तपासायचा?