कोठारं भरलेली असली की झालं का?

पंचगंगाकाठ: काल इथं एकानं लिहिलं, "रशिया-युक्रेनचं युद्ध तिकडं काळ्या समुद्रात, कोल्हापूरच्या ताटाला काय धक्का? आपली कोठारं भरलेली आहेत." वाचून डोकंच फिरलं. २०२२ च्या मार्चमध्ये सूर्यफूल तेलाचा डबा आणायला गेला होता का तुम्ही? ते तेल मुख्यतः युक्रेनमधून यायचं. त्यात एप्रिलअखेर इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यात थांबवली. आईनं महिनाभर तळणीची कढई चढवली नाही.

आणि २०१९ चा पूर विसरलात? शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली. वडगावात मामा दोन्ही वेळचं दूध बांधावर ओतत होते आणि इकडं माझ्या भाचीला पावशेर दूध मिळेना. दूध होतं की! रस्ता नव्हता. जगाचं पण असंच होतं.

शिरोळचा ऊसवाला: म्हणून जगाला पोसायचा ठेका आम्हीच घ्यायचा? १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात बंद, १ जूनपासून साखरेच्या निर्यातीला मर्यादा, २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढरा तांदूळ बंद. बाहेर दर चढला की आमचंच दार लावायचं!

गंगावेस कट्टा: ऊस मध्ये आणू नका. जगाच्या तांदूळ व्यापारात आपला वाटा ४० टक्क्यांच्या आसपास. आपण दार लावलं की पश्चिम आफ्रिकेतल्या गरिबाचं ताट महागतं. २००८ ला तर जगात भात बुडालाच नव्हता. एकाचं बघून दुसऱ्यानं निर्यात रोखली आणि दर तिपटीला गेले.

शिरोळचा ऊसवाला: ऊस का नको? त्याच पुरात आमचा अडीच एकर पंधरा दिवस पाण्यात कुजला. तेव्हा आफ्रिका सोडा, पुण्याचं तरी कोण विचारायला आलं? शहरात बसून शिकवू नका.

गंगावेस कट्टा: शहरात बसून म्हणजे? माझं पण गाव करवीरातच आहे. तोंड सांभाळून बोला.

पंचगंगाकाठ: दोघं पण थांबा. निर्यातबंदीचा भार शेतकऱ्यावर पडतो, हे मी लिहायला हवं होतं. चुकलंच. पण ऊसवाले, तुमचं पोटॅश खत कुठनं येतं? रशिया, बेलारूस, कॅनडा. रशिया-बेलारूसकडचं दार लागलं तेव्हा काय झालं?

शिरोळचा ऊसवाला: बॅग १७०० ला गेली, काय होणार! लागणीला निम्मंच घातलं. एकरी ५५ टनाचा उतारा ४३ वर आला. तेवढं तुमचं खरं. पण साखरेचं मी सोडणार नाही.