रेजायनात क्री भाषा शिकायची आहे, पण तिथे आपण जावं का?

नमस्कार मंडळी, कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, रेजायनाच्या आसपास कोणी आहे का?

मी मूळची सांगलीची. तिकडे जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, इथे वृद्धांच्या केअर होममध्ये सीसीए, म्हणजे देखभाल सहाय्यक, आहे. माझ्या मजल्यावर एक क्री, म्हणजे इथल्या मूळनिवासी समाजातल्या, आजी आहेत. स्मृतिभ्रंश वाढला तशी त्यांची इंग्रजी गेली, क्री तेवढी उरली. रात्री दोनला उठून काहीतरी मागतात. पाणी हवंय की बाथरूमला जायचंय, तेही मला कळत नाही. मी आपली हात धरून बसते.

म्हणून फर्स्ट नेशन्स युनिव्हर्सिटीत क्रीचा पहिला कोर्स करावा म्हणते. हे मूळनिवासींनी स्वतः चालवलेलं विद्यापीठ. १९७६ साली सस्कॅचेवान इंडियन फेडरेटेड कॉलेज म्हणून सुरू झालं, २००३ मध्ये आताचं नाव मिळालं. कारभार त्यांचा, पदवी युनिव्हर्सिटी ऑफ रेजायनाची. नवरा म्हणतो, "फ्रेंच शिकली असतीस तर पीआरचे, म्हणजे कायम वास्तव्याच्या अर्जाचे, गुण तरी वाढले असते, क्रीला कोण विचारतो!"

त्याचं सोडा. माझ्या मनाला वेगळंच टोचतंय. मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणारी, याच प्रांतातली गॉर्डन्सची निवासी शाळा १९९६ पर्यंत चालू होती. असल्या शाळांनी ज्यांची भाषा तोडली, ती मुलं-नातवंडं आता ती परत मिळवायला त्या वर्गात येणार. त्यांच्यात मी कुठे घुसू? कोणाची जागा तर अडवणार नाही ना?

दुसरं, जरा खाजगी. तिथे वडीलधारे, म्हणजे एल्डर, शिकवायला येतात, धूपासारखी पानं जाळतात, पाइपचा विधीही असतो. पाळीत बायकांनी त्यात बसायचं नाही असं ऐकलं. माहेरी चार दिवस बाजूला बसून कंटाळलेली मी, इथे पुन्हा तेच का?

प्रेअरीकर
ताई, मी यू ऑफ आरला (युनिव्हर्सिटी ऑफ रेजायनाला) असताना तिथे एक कोर्स केलाय. क्रेडिट आमच्या डिग्रीत धरले. प्रवेश सगळ्यांना खुला आहे, आमच्या वर्गात गोरी मुलंही होती. गॅब्रिएल ड्युमाँट इन्स्टिट्यूटचं मात्र वेगळं, ती मेटी (मूळनिवासी आणि युरोपीय असा मिश्र वंश असलेल्या) लोकांची संस्था, तिथले शिक्षक-प्रशिक्षण वगैरे त्यांच्यासाठीच. तेव्हा दोन्हींची गल्लत करू नका.

भाषा मजेशीर आहे. आपल्यासारखी तीन लिंगं नाहीत, सजीव-निर्जीव असा भेद. आणि दगड सजीव! लिपीत व्यंजनाचा आकार फिरवला की स्वर बदलतो, बाराखडी आठवते.

सास्काटूनची_सून
पाळीबद्दल: त्याला 'मून टाइम' म्हणतात. मला एका एल्डर बाईंनी सांगितलं की बाई तेव्हा विटाळलेली नसते, तिची ताकद इतकी असते की विधीवर भारी पडेल. मला पटलं का? अर्धंमुर्धं. पण वर्गात बसायला कोणी अडवलं नाही, फक्त विधीच्या वेळी मागे राहिले. विधीला जाताना लांब स्कर्ट घाला.

एल्डरकडे काही विचारायचं असेल तर आधी तंबाखू द्यायचा, आपण सुपारी देऊन बोलावतो ना तसा. विचारून झाल्यावर "थँक्यू" म्हणून दिलात तर उलटं होतं. आणि सहकाऱ्यांतल्या एखाद्या क्री बाईला आजींचे चार शब्द आत्ताच विचारून घ्या, कोर्स सप्टेंबरला लागेल. पाणी म्हणजे 'निपी'.

धागाकर्ती
निपी! काल रात्री त्या हेच म्हणत होत्या, मला वाटलं कोणाचं तरी नाव घेतायत.

सोमवारी रजिस्ट्रारकडे जाते. तंबाखू दुकानातलं पाकीट चालतं का?

सास्काटूनची_सून
चालतं. सुटा घ्या, सिगारेटी नकोत, आणि कापडाच्या तुकड्यात बांधून द्या.