पहिल्या आठवड्यात उतरलेले वजन तिसऱ्या आठवड्यात परत का आले?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी ४२ वर्षांची असून सांगलीत एका कार्यालयात बैठे काम करते. तीन आठवड्यांपूर्वी सोमवारी सकाळी माझे वजन ७८.४ किलो भरले आणि त्याच दिवसापासून मी आहार बदलला. दुपारी दोन पोळ्या आणि भात असे, त्याऐवजी आता एक ज्वारीची भाकरी, उसळ किंवा पालेभाजी आणि ताक असते. चहा दोनदाच घेते आणि रात्री साडेसातच्या आत मुगाचे धिरडे किंवा भाज्या घातलेले वरण खाते. सकाळी पाऊण तास चालते.

पहिल्या रविवारी काटा ७६.६ वर आला, तेव्हा माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारपासून संध्याकाळी व्यायामशाळेत जाऊ लागले आणि तेथूनच सगळे बिघडले. वजन कमी होण्याचे थांबले, मग वाढू लागले, आणि गेल्या मंगळवारी अंगारकीचा उपवास केल्यावर बुधवारी सकाळी काटा चक्क ७७.९ दाखवत होता. आज रविवारी ७७.७ आहे. व्यायामशाळेतले प्रशिक्षक म्हणतात की चरबीचे स्नायू होत आहेत, म्हणून वजन वाढते आहे. सासूबाई म्हणतात की उपाशी राहून अंग सुजले आहे. मी मात्र रोज सकाळी काट्यावर उभी राहून दिवसभराचा उत्साह घालवून बसते. माझे नेमके कोठे चुकते आहे, हे कोणी सांगू शकेल काय?

आहारमित्र

नमस्कार. मी गेली काही वर्षे आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पडतोच. आधी आपल्या प्रशिक्षकांच्या म्हणण्याविषयी लिहिते. चरबीचा स्नायू होत नाही. ते दोन वेगळे ऊतक आहेत. दोन आठवड्यांच्या व्यायामाने, तोही खाणे कमी केलेले असताना, किलोभर स्नायू वाढणे शक्य नाही. सासूबाईंचे निदानही बरोबर नाही, परंतु ‘सूज’ हा त्यांचा शब्द सत्याच्या अधिक जवळ आहे, कारण आपण पाहत आहात ती बरीचशी पाण्याची ये-जा आहे.

आपण भात-पोळी कमी केली तेव्हा शरीराने यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, वापरायला काढले. प्रौढ माणसाच्या शरीरात ते साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. साठा उतरला की हे पाणीही लघवीवाटे निघून जाते. शिवाय खाणेच कमी झाल्यामुळे आतड्यातला ऐवज घटतो. पहिल्या आठवड्यात उतरलेल्या १.८ किलोंमध्ये चरबीचा वाटा त्यामुळे थोडा होता, आणि जे पाणी गेले होते त्यातलेच काही आता परत आले आहे.

व्यायामशाळेतल्या पहिल्या दिवसानंतर मांड्या दुखल्या असतील. जिना चढण्यापेक्षा उतरताना अधिक. सवय नसलेल्या व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, ती भरून काढताना तेथे दाह होतो आणि पाणी साचते. हे दुखणे एक ते तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि पाणी त्याहून थोडे जास्त काळ रेंगाळू शकते. ही बिघाडाची खूण नाही. त्याच व्यायामाची सवय झाली की ते कमी होते.

आता अंगारकी. चंद्रोदयानंतर उपवास सोडला म्हणजे जेवण नेहमीपेक्षा दोन तास तरी उशिरा झाले असणार, तेव्हा सकाळी काट्यावर उभ्या राहताना त्यातले बरेचसे पोटातच होते. दिवसभरात साबुदाणा आणि बटाटा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. त्यांनी रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा पाण्यासकट भरला. त्यात वेफर्स असतील तर मीठ आले. शरीरातल्या द्रवात लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम मीठ असते, त्यामुळे नेहमीपेक्षा साडेचार ग्रॅम मीठ जास्त पोटात गेले, तर मूत्रपिंडे ते बाहेर टाकेपर्यंत साधारण अर्धा लिटर पाणी अंगात अडकून राहते. उपवासाचे सैंधव मीठ याला अपवाद नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. (हे सांगितले की माझ्याकडे येणाऱ्या काकू-मावशी माझ्याकडे नास्तिकासारख्या पाहतात.)

एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी ४०० कॅलरींची धरली, तर रोजच्या जेवणाशिवाय एकोणीस बशा खिचडी खाल्ल्याशिवाय हे व्हायचे नाही.

मात्र एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. दोन-तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढले आणि त्याबरोबर घोट्यांवर बोटाने दाबल्यास खळगा पडणारी सूज असेल, आडवे झाल्यावर धाप लागत असेल किंवा लघवी कमी होत असेल, तर तो आहाराचा प्रश्न नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

गडवाटा

काटा माळ्यावर टाकून द्यावा आणि कपडे सैल होतात की नाही एवढेच पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी तीन वर्षांपूर्वी तेच केले आणि आता न थांबता राजगड चढतो. वजन किती आहे ते मला ठाऊक नाही.

हिशेबनीस

गडवाटा यांना त्यांचा गड लखलाभ होवो, पण ज्याला आकड्यांची सवय आहे त्याचा काटा काढून घेतला, तर तो दुसऱ्याच्या घरी जाऊन वजन करतो, हे मी माझ्यावरून सांगतो. मी निवृत्त लेखापाल आहे, वय ६३, मधुमेही. सहा वर्षांपासून रोज सकाळचे वजन वहीत लिहितो.

ताई, आधी काट्याची खातरजमा करावी. तो सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेला नसावा. सपाट फरशीवर, रोज त्याच जागी असावा. माझ्याकडे एकदा आठवडाभर वजन सव्वा किलोने कमी भरत होते आणि मी खुशीत होतो, शेवटी कळले की झाडलोट करताना काटा सरकून त्याचा एक पाय फरशीच्या तुटक्या कोपऱ्यावर गेला होता. तपासण्याचा सोपा उपाय असा, की आधी एकट्याने उभे राहावे आणि मग दहा किलो पिठाची सीलबंद पिशवी हातात घेऊन उभे राहावे. फरक दहा किलोंच्या आसपास यायला हवा. वजन उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यानंतर आणि चहाच्या आधी करावे. चहाच्या आधी म्हणजे आधीच. अर्धा लिटर पाणी प्यायले की काटा अर्धा किलो पुढे जातो, त्यात शरीरशास्त्र काहीच नाही.

सतराव्या शतकात इटलीतल्या पाडुआचे सांतोरियो नावाचे वैद्य सुमारे तीस वर्षे तराजूला टांगलेल्या खुर्चीवर बसून स्वतःचे, खाल्ल्या-प्यायल्याचे आणि बाहेर टाकलेल्याचे वजन करत होते. त्यांना आढळले की आत गेलेल्यातला बराच भाग श्वासावाटे आणि त्वचेवाटे नकळत निघून जातो. तेव्हा रात्री आणि सकाळी वेगळे वजन भरले म्हणून दचकू नये.

खरा मुद्दा पुढे आहे. आपण रोज गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी खात असाल, तर दिवसाला ५००ला ७,७००ने भागून सुमारे ६५ ग्रॅम चरबी उतरते, म्हणजे एका लिंबाएवढी. आपला घरगुती काटा १०० ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो आणि पाणी किलोभर वरखाली होते. त्या गलबल्यात एका दिवसाचे लिंबू दिसायचे कसे? म्हणून आठवड्याच्या सात आकड्यांची सरासरी काढावी आणि सरासरीशी सरासरी ताडून पाहावी. आपण रोजचे आकडे लिहून ठेवले असतील, तर येथे द्यावेत.

माझ्यासारखा कोणी मधुमेही हे वाचत असेल, तर त्याच्यासाठी एक अनुभव नोंदवतो. मी डॉक्टरांना न विचारता रात्रीचे जेवण निम्मे केले, गोळी मात्र तीच चालू ठेवली, आणि चौथ्या दिवशी पहाटे घामाने थबथबून, हात थरथरत जागा झालो. रक्तातली साखर ५८पर्यंत घसरली होती. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना खाणे कमी करायचे असेल, तर मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. जिना उतरताना गुरुवारी मी खरोखर कठडा धरून उतरत होते, हे आहारमित्र यांनी न पाहता कसे ओळखले! आकडे स्वयंपाकघराच्या दारामागच्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाखाली लिहिले आहेत, ते सोमवार ते रविवार या क्रमाने देते.

पहिला आठवडा: ७८.४, ७८.१, ७७.६, ७७.२, ७६.९, ७६.८, ७६.६.
दुसरा आठवडा: ७६.७, ७६.९, ७७.४, ७७.२, ७७.०, ७६.९, ७६.८.
तिसरा आठवडा: ७६.९, ७७.३, ७७.९, ७७.८, ७७.६, ७७.५, ७७.७.

हिशेबनीस

सरासरी अनुक्रमे ७७.४, ७७.० आणि ७७.५ येते. पहिल्या दोन आठवड्यांचा कल ठीक आहे, तिसरा मात्र माझ्या हिशेबात बसत नाही, कारण एका अंगारकीने बुधवार चढेल, शनिवार-रविवार चढायचे कारण नाही. खाण्यात काही नकळत येत असावे. फोडणीचे तेल मोजून पाहावे. एक चमचा म्हटले तरी हात सैल असतो.

निशिगंधा

हिशेबनीसकाका, आपल्या वहीत जो रकाना नाही तो मी भरते. ताई, आपली पाळी कधी आहे? पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेक जणींच्या अंगात पाणी साचते, बद्धकोष्ठ होतो, खारट-गोड खावेसे वाटते आणि वजन अर्धा ते दोन किलोंपर्यंत वाढते. पाळी सुरू झाली की काही दिवसांत ते उतरते. सात दिवसांची सरासरी अंगारकीला पुरून उरते, पण या वाढीला ती पुरत नाही, कारण ही वाढच सात दिवस टिकते. मी स्वतः दोनदा नेमक्या याच आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सगळे सोडून दिले होते, आणि दोन्ही वेळा त्या रात्री पाव किलो फरसाण संपवले होते.

तेव्हा बाईने या आठवड्याची तुलना गेल्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. चाळिशीनंतर पाळी मागेपुढे होऊ लागते, त्यामुळे तारखेऐवजी पाळीच्या पहिल्या दिवसापासून दिवस मोजावेत. याचा अर्थ पहिल्या महिन्यात वजनावरून काहीच ठरवता येत नाही, हे ऐकायला वाईट आहे खरे. म्हणून शिवणाच्या टेपने कंबर मोजावी: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. भारतीय स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते. पाळीच्या आधी पोट फुगते, म्हणून कंबरही पाळी संपल्यानंतरच मोजावी.

आहारमित्र

निशिगंधा यांनी लिहिले ते मी पहिल्याच उत्तरात विचारायला हवे होते. तेलाविषयी काकांचे म्हणणेही अगदीच सोडून देण्याजोगे नाही, कारण एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात. परंतु आकड्यांवरून तरी तसे दिसत नाही. ताई, आपण आत्ता घाबरून खाणे आणखी कमी करू नये. उलट रात्रीच्या वरणाबरोबर थोडे पनीर, अंडे किंवा जाडसर डाळ वाढवावी, कारण खाणे कमी असताना प्रथिने पुरेशी नसतील, तर चरबीबरोबर स्नायूही घटतात. आणि पाणी साचते म्हणून पाणी पिणे कमी करण्याची चूक करू नये. दोन महिने नियमाने चालूनही सरासरी हलली नाही आणि थकवा, बद्धकोष्ठ, थंडी वाजणे असे त्रास असतील, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

कृष्णाकाठ

नऊ दिवसांनी लिहिते आहे. पाळी त्याच रविवारी रात्री आली. चौथ्या आठवड्याचे आकडे ७७.१, ७६.५, ७६.२, ७६.०, ७५.९, ७६.१, ७५.८. काकांनी सांगण्याआधी मीच सरासरी काढली: ७६.२. शनिवारी ७६.१ दिसले तेव्हा आदल्या रात्री एका लग्नात जेवले होते हे आठवले आणि चहा ठेवायला गेले. कंबर आज ९३ आहे, पण आधी मोजलेलीच नसल्यामुळे ती कमी झाली की नाही हे सांगता येत नाही. सासूबाईंनी मात्र टेप परत देण्यापूर्वी स्वतःची कंबरही मोजून घेतली आणि आकडा कोणाला सांगितला नाही.

एकच शंका उरली आहे. पुढची संकष्टी पाळीच्या आधीच्याच आठवड्यात येते आहे. उपवास सोडणार नाही. त्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी करीन, वेफर्स आणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी वजन करावे की त्या चौकोनात नुसती फुली मारावी?

हिशेबनीस

वजन करावे आणि लिहावे. वहीत कोरी जागा ठेवू नये. शेजारी बारीक अक्षरात ‘संकष्टी’ असे लिहावे, म्हणजे पुढच्या वर्षी चाळताना दचकायला होणार नाही. निशिगंधाताईंचा रकाना मी माझ्या पत्नीच्या आणि सुनेच्या वहीत आखून दिला आहे. सुनेने तो वापरायला घेतला, पत्नीने आता त्याची गरज नाही असे सांगून त्यात किराण्याची यादी लिहिली आहे.